हॉट डॉगचा पुरावा कुठे आहे? छोट्या बेसबॉल मैदानांवरचं खाणं आणि इतिहासाची पद्धत



पीएच.डी.च्या तयारीत असलेले अनेक जण विचारतात, "विज्ञानवाल्यांनी इतिहास कशाला वाचायचा?" माझं उत्तर सोपं आहे. प्रयोगशाळेत शंका आली तर आपण प्रयोग पुन्हा करतो. इतिहासात ती सोय नाही. १९०१ सालची एक दुपार परत आणता येत नाही. उरलेले कागद, उरलेल्या वस्तू आणि माणसांच्या आठवणी, एवढ्यावरच निष्कर्ष काढायचा असतो. म्हणून पुरावा कसा तोलायचा हे इतिहासात फार चांगलं शिकता येतं.

त्यासाठी आज एक हलकाफुलका वाटणारा विषय घेऊ. अमेरिकेत उन्हाळा आला की काही हौशी लोक गाडी काढतात आणि गावोगावची छोटी बेसबॉल मैदानं बघत फिरतात. सामना बघायचा, तिथला खास पदार्थ खायचा आणि पुढच्या गावाला निघायचं. आपण हीच सहल करू, पण कागदावर. प्रत्येक थांब्यावर एकच प्रश्न विचारायचा: हे आपल्याला कशावरून कळलं?

आधी एक गोष्ट, मग तिची तपासणी

बेसबॉल आणि हॉट डॉग यांची जोडी अमेरिकेत पक्की आहे. हे नाव कसं पडलं याची एक झकास गोष्ट सांगतात. १९०१ चा एप्रिल, न्यू यॉर्कचं पोलो ग्राउंड्स मैदान, कडाक्याची थंडी. आइस्क्रीम खपेना, म्हणून खाद्यविक्रेते हॅरी स्टीव्हन्स यांनी पावात गरम सॉसेज घालून विकायला लावले. लांबुडक्या डॅक्सहुंड कुत्र्यावरून विक्रेते त्याला 'डॅक्सहुंड सॉसेज' म्हणत ओरडत होते. टॅड डॉर्गन या व्यंगचित्रकाराने त्यावर चित्र काढलं, पण त्याला 'डॅक्सहुंड'चं स्पेलिंग येईना. मग त्याने लिहून टाकलं, 'हॉट डॉग'!

गोष्टीत साल आहे, जागा आहे, नावं आहेत, हवामानसुद्धा आहे. आता तपासा. बॅरी पॉपिक, जेराल्ड कोहेन आणि डेव्हिड शुलमन या शब्दांच्या अभ्यासकांनी जुनी वर्तमानपत्रं चाळली. ते व्यंगचित्र कुणालाच सापडलं नाही. डॉर्गन त्या वर्षी न्यू यॉर्कमध्ये नव्हताच, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रात काम करत होता. त्याची हॉट डॉगवरची चित्रं सापडतात ती १९०६ ची, आणि तीही बेसबॉलची नाहीत, सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीची. उलट 'हॉट डॉग' हा शब्द १८९५ मध्ये येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मासिकात छापलेला आहे, आणि त्याआधी १८९२ मध्ये न्यू जर्सीतल्या पॅटरसनच्या एका वर्तमानपत्रात.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. "चित्र सापडलं नाही" हा कमकुवत पुरावा आहे, कारण कागद हरवतात. "शब्द आधीच छापला गेला होता" हा भक्कम पुरावा आहे, कारण त्याने १९०१ चा दावा थेट खोटा ठरतो. तुमच्या संदर्भ-आढाव्यातही हा फरक लागतो. शंभर ठिकाणी एकच गोष्ट लिहिलेली असली आणि त्या शंभरांनी ती एकमेकांकडूनच उचललेली असली, तर ते शंभर पुरावे नसतात. तो एकच दावा असतो, शंभर वेळा सांगितलेला.

मायनर लीग म्हणजे काय?

आपल्याकडचा रणजी संघ कुठल्या आयपीएल संघाच्या मालकीचा नसतो. बेसबॉलची रचना वेगळी आहे. मेजर लीगच्या प्रत्येक संघाखाली छोट्या शहरांतले संघ जोडलेले असतात, आणि खेळाडू तिथे तयार होऊन पायरीपायरीने वर चढतो. अशा छोट्या लीगांची राष्ट्रीय संघटना १९०१ मध्ये शिकागोत स्थापन झाली. पुढे १९२० च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी छोटे संघ ताब्यात घेऊन ही 'शेती' पद्धत रुजवली. आजही तिला फार्म सिस्टिमच म्हणतात.

यात आपलाही एक धागा आहे. २००८ च्या एका रिअॅलिटी शोमधून निवडलेली उत्तर प्रदेशातली दोन मुलं, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००९ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सच्या मायनर लीग संघातून खेळली. हा रिंकू भालाफेक करणारा. क्रिकेटवाला रिंकू सिंग वेगळा, तोही उत्तर प्रदेशचाच. नावावरून माहिती शोधताना दोन माणसं एकात मिसळणं किती सोपं असतं, बघा.

खाणं इतकं महत्त्वाचं का झालं?

१९४९ मध्ये ५९ मायनर लीग चालू होत्या आणि वर्षाचे प्रेक्षक होते जवळपास ४ कोटी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा १ कोटीच्या आसपास घसरला. टीव्ही आला, घरं थंड करणारी यंत्रं आली, लोक उपनगरांत राहायला गेले. कुठल्या कारणाचा वाटा किती, हे वेगळं करून दाखवणं अवघड आहे, कारण तिन्ही बदल एकाच काळात घडले. "टीव्हीमुळे मायनर लीग संपली" असं एका ओळीत लिहिलेलं दिसलं की थोडं थांबा.

यानंतर घडी नव्याने बसली. १९६२ च्या करारानंतर खेळाडूंच्या पगाराचा भार मेजर लीगच्या मूळ संघांकडे गेला. छोट्या संघाच्या मालकाकडे राहिलं मैदान, तिकीट, जाहिराती आणि खाणं. खेळाडू त्याच्या हातात नाहीत. आज शतकवीरासारखा गाजणारा मुलगा उद्या सकाळी वरच्या संघात जाऊ शकतो, मालकाला कुणी विचारत नाही. मग त्याने गावाला काय विकायचं? जे त्याच्या हातात आहे तेच.

या चौकटीतून बघितलं की विचित्र वाटणारे पदार्थ समजायला लागतात. २००९ मध्ये मिशिगनमधल्या वेस्ट मिशिगन व्हाइटकॅप्स संघाने 'फिफ्थ थर्ड बर्गर' आणला. मैदानाला फिफ्थ थर्ड या बँकेचं नाव होतं. फिफ्थ थर्ड म्हणजे पाच तृतीयांश, म्हणून एक तृतीयांश पौंडाच्या पाच टिक्क्या. हिशोब करा, साधारण ७५६ ग्रॅम मांस! उष्मांक सुमारे ४,८०० आणि किंमत २० डॉलर. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो ग्रिझलीज संघाने २०१५ मध्ये काही सामन्यांपुरतं नावच बदलून 'फ्रेस्नो टॅकोज' केलं.

मात्र माझं हे स्पष्टीकरण गृहीतक म्हणूनच घ्या. ते तपासायचं कसं? मूळ संघाशी न जोडलेले स्वतंत्र संघही आहेत, जे खेळाडू स्वतः निवडतात आणि पगारही स्वतः देतात. इलिनॉयमधल्या सॉजे गावचा गेटवे ग्रिझलीज हा असाच एक संघ. त्यांनी २००६ मध्ये पावाऐवजी गोड डोनट लावलेला बर्गर विकला. म्हणजे खेळाडू हातात असतानाही असा पदार्थ निघतो. माझ्या गृहीतकाच्या विरोधात जाणारं उदाहरण मीच तुमच्यापुढे ठेवतोय, आणि प्रबंधातही ते स्वतःच ठेवायचं असतं. कदाचित खरं कारण पगाराची रचना नसून छोट्या गावात गर्दी जमवण्याची गरज हे असेल. दोन्ही प्रकारच्या संघांच्या हिशोबवह्या शेजारी ठेवल्याशिवाय याचा निकाल लागणार नाही.

ही परंपरा नेमकी कधीची?

पुढचा थांबा नॉर्थ कॅरोलिनातलं डरहॅम. डरहॅम बुल्सच्या मैदानात कुंपणावर एक भलामोठा बैल आहे. चेंडू बैलाला लागला तर फलंदाजाला स्टेक मिळतो, खालच्या गवताला लागला तर सॅलड. बघणाऱ्याला वाटेल, किती जुनी परंपरा! पण हा बैल 'बुल डरहॅम' या १९८८ च्या चित्रपटासाठी बनवलेला. चित्रपट गाजला, आणि संघाने फलक ठेवून घेतला. १९९५ मध्ये संघ नव्या मैदानात गेला, तिथेही बैल आलाच.

मग परंपरा खोटी का? तसंही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुल डरहॅम तंबाखूचे बैलाचे फलक देशभरातल्या मैदानांवर असत आणि त्यांना चेंडू मारणाऱ्याला बक्षीस मिळे. चित्रपटाने जुन्या जाहिरातीची आठवण उचलली आणि गावाने ती चित्रपटाकडून परत घेतली. म्हणून "खरं की खोटं" एवढंच विचारून थांबू नका. कुठून कुठे आणि कधी आलं, तेही विचारा.

मेनूत जे लिहिलेलं नसतं

आता अलाबामातलं बर्मिंगहॅम. तिथलं रिकवुड फील्ड १८ ऑगस्ट १९१० ला सुरू झालं आणि अमेरिकेतलं सर्वांत जुनं व्यावसायिक बेसबॉल मैदान मानलं जातं. गोऱ्यांचा बर्मिंगहॅम बॅरन्स आणि कृष्णवर्णीयांचा ब्लॅक बॅरन्स, दोन्ही संघ याच मैदानावर खेळत. विली मेज १९४८ मध्ये इथेच खेळला. प्रेक्षकांच्या बसायच्या जागा वर्णानुसार वेगळ्या होत्या. बॅरन्स ज्या सदर्न असोसिएशनमध्ये होता, ती लीग शेवटपर्यंत जवळजवळ पूर्ण गोऱ्यांची राहिली आणि १९६१ च्या हंगामानंतर बंद पडली.

१९६७ मध्ये रेजी जॅक्सन या मैदानावर मायनर लीग खेळला. २० जून २०२४ ला रिकवुडवर मेजर लीगचा सामना झाला, तेव्हा थेट प्रक्षेपणात त्याने त्या वर्षाबद्दल सांगितलं. उपाहारगृहं आणि हॉटेलं त्याला दारातून परत पाठवायची. मग त्याचा व्यवस्थापक जॉन मॅकनमारा सांगायचा की रेजीला इथे जेवता येत नसेल तर संघातलं कुणीच इथे जेवणार नाही.

हे कुठल्या मेनूकार्डात सापडलं असतं? त्या काळचं उपाहारगृहाचं बिल तुम्हाला मिळालं, तर त्यावर जेवलेल्यांचे पदार्थ दिसतील. परत पाठवलेल्याचं बिल बनतच नाही. ज्याला नाकारलं त्याची नोंद नाकारणाऱ्याच्या वहीत नसते. अशा वेळी तोंडी साक्ष हाच मुख्य पुरावा ठरतो. आठवणीत तारखा सरकतात हे खरं, म्हणून त्या इतर कागदांशी ताडून बघायच्या. पण "फक्त आठवण आहे" म्हणून साक्ष बाजूला टाकली, तर आपला इतिहास फक्त जेवायला मिळालेल्यांचा होईल.

मैदानावर धावणाऱ्यांची दुसरी बाजूही बघा. २०२३ मध्ये मायनर लीग खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. त्याआधी सर्वांत वरच्या पायरीवरचं किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलर होतं, करारानंतर ते ३५,८०० झालं. गॅलरीत २० डॉलरचा बर्गर विकला जात असताना मैदानातला मुलगा काय खात होता, हा प्रश्नही खाण्याच्या इतिहासाचाच आहे.

मैदान गेलं की पुरावाही जातो

शेवटचा थांबा ऱ्होड आयलंडमधलं पॉटकेट. इथल्या मॅकॉय स्टेडियमवर १८ एप्रिल १९८१ ला सुरू झालेला सामना दुसऱ्या दिवशी पहाटे ४:०७ ला थांबवला, तेव्हा ३२ डाव झाले होते आणि फक्त १९ प्रेक्षक उरले होते. जूनमध्ये आणखी एक डाव खेळून निकाल लागला. व्यावसायिक बेसबॉलमधला हा सर्वांत लांब सामना.

२०२० मध्ये महासाथीमुळे हंगामच रद्द झाला. तेव्हा संघाने चक्क मैदानातल्या हिरवळीवर टेबलं मांडली आणि गावकऱ्यांना जेवायला बोलावलं. लोकही आले. हाच तिथला शेवटचा उन्हाळा ठरला. २०२१ मध्ये संघ वूस्टर शहरात गेला. त्याच वर्षी मेजर लीगने मायनर लीगची फेररचना करून जोडलेल्या संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली, आणि अनेक गावांचं ते नातं तुटलं. २०२५ मध्ये मॅकॉय स्टेडियम पाडायला घेतलं.

मैदान पडतं तेव्हा स्वयंपाकघराची मांडणी, किमतींचे फलक, वेगळ्या प्रवेशद्वारांच्या खुणा, सगळं ढिगाऱ्यात जातं. पुढच्या संशोधकाला उरतात त्या फक्त रंगवून सांगितलेल्या गोष्टी, आणि मग आपण पुन्हा डॉर्गनच्या व्यंगचित्रापाशी येतो.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. तुमच्या विषयातली सगळे जण सांगतात अशी एक गोष्ट घ्या आणि वहीत चार प्रश्न लिहा. ही पहिल्यांदा कधी छापली गेली? कोणत्या पुराव्याने ती खोटी ठरेल? कुणाची बाजू नोंदलीच गेली नसेल? आणि ती सांगू शकणारी माणसं आज हयात आहेत का? चौथ्याचं उत्तर 'हो' असेल, तर ग्रंथालयात जायच्या आधी त्यांना फोन करा.