वाळा आणि चंचुवाळा

पहिल्या पावसानंतर कुंडी किंवा ओला दगड उचलला की काळसर, चकचकीत दोऱ्यासारखा एक जीव वळवळत मातीत शिरू पाहतो. भोपाळच्या तलावाकाठच्या बागा असोत वा गोव्यातील परसबाग, दृश्य तेच. पाहणारा त्याला गांडूळ समजून सोडून देतो, नाहीतर विषारी सापाचे पिल्लू समजून ठेचतो. वस्तुतः तो वाळा असतो. पूर्ण वाढलेला आणि सर्वथा निरुपद्रवी. गांडुळाच्या अंगावर वलये असतात, वाळ्याच्या अंगावर गुळगुळीत खवले. नीट पाहिल्यास त्याची इवलीशी जीभही आत-बाहेर होताना दिसते.

याची लांबी बहुधा वीतभरही नसते. डोळे म्हणजे खवल्यांखाली झाकलेले दोन ठिपके. त्यांना उजेड-अंधारापलीकडे फारसे काही कळत नाही. शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. हातात धरल्यास तो टोचल्यासारखा वाटतो आणि त्यालाच लोक दंश समजतात. वाळा कानात शिरतो, ही भीतीही निराधार आहे. त्याला हवी असते मुंग्या आणि वाळवीची अंडी व अळ्या.

पॅट्रिक रसेल यांनी १७९६ च्या आपल्या ग्रंथात विशाखापट्टणम येथील या सापाची नोंद केली, तीही ‘दोन तोंडांचा’ अशा अर्थाच्या तेलुगू नावाने. पुढे १८०३ मध्ये फ्रेंच अभ्यासक दोदँ यांनी त्याला शास्त्रीय नाव दिले. या जातीत नर आढळत नाही. मादी संयोगाविना अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात. त्यामुळे रोपाच्या मुळांशी चिकटलेल्या मातीतून एकच वाळा परदेशी पोहोचला, तरी तिथे वस्ती उभी राहते. अमेरिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियापर्यंत तो असाच पसरला. इंग्रजीत त्याला ‘फ्लॉवरपॉट स्नेक’ म्हणतात, ते उगीच नव्हे.

चंचुवाळा मात्र कमी परिचित. हा केवळ भारतात, मुख्यत्वे द्वीपकल्पात आढळतो. लांबी दोन फुटांपर्यंत, म्हणजे आपल्याकडील आंधळ्या सापांत सर्वाधिक. मुस्कटाचे टोक पोपटाच्या चोचीसारखे खाली वळलेले असते. माती उकरण्याचे ते अवजारच. १८४४ मध्ये द्युमेरील आणि बिब्रों यांनी त्याचे वर्णन केले. आयुष्य जमिनीखालीच जात असल्याने तो क्वचितच दृष्टीस पडतो. विशेष म्हणजे, त्याचे जवळचे नातलग भारतात नव्हे, तर आफ्रिकेत आहेत.