दस्तूर आणि दस्तुरी

वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना एक शब्द मला दरवर्षी थांबवतो. दस्तूर. मूळ फारसी. उर्दूत त्याचा अर्थ रीतरिवाज, आणि देशाची घटना हाही. मराठीत दस्तूर म्हणजे हस्ताक्षर, त्यावरूनच आपण 'दस्तुरखुद्द' म्हणतो. पण मुंबईच्या गिरण्यांत या शब्दाची दस्तुरी झाली. नोकरी लागावी आणि लागलेली टिकावी म्हणून जॉबरच्या हातावर ठेवायचे पैसे, ती दस्तुरी.

आपला सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि या जिल्ह्याने गिरणगाव भरले. बोटीने मुंबईला उतरलेल्या माणसाला जॉबरशिवाय दार नव्हते. सकाळी गिरणीच्या फाटकावर बदली कामगार उभे राहत आणि कोणाला आत घ्यायचे ते जॉबर ठरवी. पुष्कळदा तोच व्याजाने पैसे देई, तोच खोली बघून देई. वायंडिंग-रीलिंग खात्यात बायका असत. त्यांच्यावर नायकीण असे, आणि तीही पैसे घेई. कोकणी मुसलमानांच्या घरांतून गोदीकडे गेलेल्या खलाशांची गत वेगळी नव्हती. तिथे जॉबरच्या जागी सारंग, एवढेच.

मला खटकते ते हे, की याला कोणी गुन्हा म्हणत नसे. शब्दातच 'रिवाज' बसलेला होता. रिवाजाविरुद्ध तक्रार कशी करायची, आणि कोणाकडे? ज्याच्याकडे करायची तोच तर पैसे घेत होता.

१९२९ साली मजुरांच्या स्थितीची चौकशी करायला व्हिटले आयोग नेमला गेला. आपले ना. म. जोशी त्यात सदस्य होते. १९३१ च्या अहवालाने जॉबरच्या लाचखोरीवर बोट ठेवले आणि कामगार नेमण्या-काढण्याचा अधिकार त्याच्याकडून काढून घ्या, लेबर ऑफिसर नेमा, असे सुचवले. १९३४ च्या मुंबईच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांची नोंदवही सुरू केली. जॉबर त्यामुळे संपला नाही, पण फाटकावर नाव लिहिलेला कागद आला. नुसत्या मर्जीवर चालणाऱ्या ठिकाणी एक कागद येणे किती मोठे असते, हे आमच्यासारख्या मस्टरवर सही करणाऱ्यांना चटकन कळत नाही.

त्याच काळातली दुसरी गोष्ट पैशाची नव्हती. कापड खात्यात कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यामुळे अस्पृश्य कामगाराला, साचा चालवता येत असला तरी, त्या जादा पगाराच्या खात्यात घेत नसत. अडवणारे मालकच होते असे नाही, शेजारच्या साच्यावरचे कामगारही होते. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवली. सोबत्यांची वागणूकही अन्याय असू शकते, हे संपाच्या ऐन भरात बोलायला हिंमत लागते.

बायकांच्या वाट्याला येणाऱ्या छळाला नाव मिळायला त्यानंतर कित्येक दशके गेली. राजस्थानातल्या भंवरीदेवीवर १९९२ मध्ये अत्याचार झाला. ती सरकारी योजनेतली साथीन होती, बालविवाह रोखणे तिचे काम होते आणि त्याचाच सूड उगवला गेला. त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला. तो पाळला जात नाही म्हणून पुण्याच्या मेधा कोटवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, त्यावर २०१२ मध्ये निकाल झाला, आणि २०१३ मध्ये कायदा. त्यात नको असलेला स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रे दाखवणे हे तर आहेच. पण अशा वागण्याबरोबर कामात झुकते माप देण्याचे आमिष, नुकसान करण्याची धमकी, नोकरीची टांगती तलवार, हेही लिहिले आहे. ते वाचताना मला गिरणीचे फाटकच दिसले.

मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीची आई बोनाफाईड न्यायला आली. ती एका छोट्या काजू कारखान्यात सात-आठ बायकांबरोबर बसते. तिथला मुकादम काय बोलतो, हसून साथ न देणारीची अर्धी हजेरी कशी कापतो, हे तिने खाली बघत सांगितले. शेवटी म्हणाली, "थंय तसाच चलता, सर."

म्हणजे दस्तूरच.

दहाहून कमी माणसे असली की कारखान्यात अंतर्गत समिती बसवण्याचे बंधन नसते, त्यामुळे बहुतेकांना वाटते की आपल्याला कायदाच नाही. तो आहे. जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तालुक्याचा नोडल अधिकारी तक्रार घेऊन सात दिवसांत तिकडे पाठवतो. प्रकार घडल्यापासून तीन महिन्यांत अर्ज द्यायचा. समितीला कारण पटले तर आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणे समितीवरच बंधनकारक आहे. नाव उघड करायला मनाई आहे.

हे सगळे मी तिला मराठीत सांगितले, मग घरच्या कोकणीत. अर्जही तिच्या शब्दांत लिहून दिला. तिने दोनदा वाचून घ्यायला लावला, मुकादमाच्या बोलण्यातले एक वाक्य खोडायला सांगितले आणि थोड्या वेळाने तेच परत घालायला सांगितले. खाली सहीची जागा मोकळी आहे. "नवऱ्याक इचारून सांगतंय," म्हणाली. कागद माझ्या कपाटात आहे, आणि तीन महिन्यांतले पाच आठवडे गेलेत.