बहारीनमधील लोकशाही आंदोलन (२०११)

इराणच्या आखातातील बहारीन या द्वीपराष्ट्रात फेब्रुवारी-मार्च २०११ मध्ये राजकीय सुधारणांसाठी झालेले जनआंदोलन. देशाचे क्षेत्रफळ ८०० चौ. किमी.हूनही कमी असले, तरी लष्करी दृष्ट्या मोक्याच्या स्थानामुळे या अंतर्गत संघर्षास आंतरराष्ट्रीय महत्त्व प्राप्त झाले.

पार्श्वभूमी : अल् खलीफा हे सुन्नी घराणे येथे १७८३ पासून सत्तेवर असून नागरिकांत शिया पंथीय बहुसंख्य मानले जातात. एकोणिसाव्या शतकातील तहांन्वये बहारीन ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली आले. आखातातील ब्रिटिश रेसिडेन्सीचा कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारकडे व पुढे १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारकडे होता. इराणने बेटांवर सांगितलेला हक्क १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनंतर निकालात निघाला आणि १५ ऑगस्ट १९७१ रोजी देश स्वतंत्र झाला. १९७३ च्या संविधानानुसार निवडलेली राष्ट्रीय सभा १९७५ मध्येच विसर्जित करण्यात आली. २००१ च्या सार्वमताने सुधारणांची आशा निर्माण झाली. तथापि २००२ च्या संविधानाने लोकनियुक्त सभागृहाच्या बरोबरीने तितक्याच सदस्यांचे राजनियुक्त सभागृह स्थापिल्याने विरोधकांचा अपेक्षाभंग झाला.

आंदोलन व दडपशाही : ट्युनिशिया व ईजिप्त येथील उठावांनंतर १४ फेब्रुवारी २०११ रोजी निदर्शने सुरू झाली. मानामा या राजधानीतील मोती चौक हे त्यांचे केंद्र होते. १४ मार्च रोजी आखाती सहकार परिषदेच्या संयुक्त दलातील सौदी सैनिक किंग फाहद सेतूवरून देशात आले. संयुक्त अरब अमिरातींनी पोलीस पाठविले. दुसऱ्या दिवशी आणीबाणी जाहीर झाली व १८ मार्च रोजी चौकातील स्मारकही पाडण्यात आले. शरीफ बस्युनी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने नोव्हेंबर २०११ मधील अहवालात ३५ मृत्यूंची नोंद केली. त्यांपैकी पाच मृत्यू कोठडीतील छळामुळे झाल्याचे म्हटले.

महासत्तांचे हितसंबंध : अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचे मुख्यालय मानामा येथे आहे. त्यामुळे अमेरिकेने संयमाचे आवाहन केले व काही शस्त्रविक्री लांबणीवर टाकली. परंतु राजवटीवर निर्णायक दबाव आणला नाही. याच आठवड्यात, १७ मार्च रोजी, लिबियात लष्करी कारवाईस अनुमती देणारा सुरक्षा परिषदेचा ठराव तिच्या पाठिंब्याने संमत झाला. हा विरोध टीकेचा विषय ठरला. सौदी अरेबियाला शेजारच्या आपल्या तेलसमृद्ध पूर्व प्रांतातील शिया प्रजेत असंतोष पसरण्याची धास्ती होती. इराणने सौदी हस्तक्षेपाचा निषेध केला. आंदोलनामागे इराण असल्याचा बहारीन सरकारचा आरोप होता. मात्र विशिष्ट घटनांशी इराणचा संबंध सिद्ध करणारा पुरावा आयोगास आढळला नाही.

परिणाम : राजसत्ता टिकली, अल्-वफाक हा प्रमुख विरोधी पक्ष २०१६ मध्ये विसर्जित करण्यात आला. २०१७ मध्ये अमेरिकेने लढाऊ विमानांच्या विक्रीस जोडलेल्या मानवी हक्कविषयक अटी मागे घेतल्या, तर २०१८ मध्ये ब्रिटनने येथे नवा नाविक तळ उघडला. परकीय तळामुळे महासत्तेचे यजमान राष्ट्रावरील वजन वाढतेच असे नाही. तळ गमावण्याच्या भीतीने तिचेच हात बांधले जातात, हे या आंदोलनाने स्पष्ट केले. त्याची किंमत मात्र सुधारणांची मागणी करणाऱ्या नागरिकांना मोजावी लागली.