इंग्लंडमधील बालसंरक्षण व्यवस्था आणि तक्रार निवारणाच्या मर्यादा (१९४५ ते २००६)

प्रस्तावना

आईवडिलांच्या ताब्यातून मूल काढून घेणे हा लोकशाही राज्यात प्रशासनाला मिळालेल्या अत्यंत कठोर अधिकारांपैकी एक होय. इंग्लंडमध्ये हा अधिकार वापरण्याची जबाबदारी प्रामुख्याने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या समाजसेवा विभागाकडे राहिली. या विभागाची चूक दोन परस्परविरोधी दिशांनी होऊ शकते: धोक्यातील मूल घरातच राहू देणे आणि धोका नसताना मूल घरातून नेणे. दोन्ही प्रकारच्या तक्रारींना न्याय देण्यासाठी कोणती यंत्रणा उभी राहिली व ती कोठे अपुरी पडली, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मृत्यूनंतरची चौकशी

जानेवारी १९४५ मध्ये डेनिस ओ'नील या १२ वर्षांच्या मुलाचा श्रॉपशायरमधील एका शेतावर, प्रतिपालक कुटुंबाच्या छळामुळे मृत्यू झाला. त्याला तेथे न्यूपोर्टच्या स्थानिक प्राधिकरणानेच ठेवले होते. या प्रकरणाची चौकशी आणि पाठोपाठ १९४६ चा कर्टिस समितीचा अहवाल यांतून १९४८ चा बालक अधिनियम आला व स्वतंत्र बालक विभाग निर्माण झाले. जानेवारी १९७३ मध्ये ब्रायटन येथे मरिया कोलवेल या सात वर्षांच्या मुलीचा सावत्र वडिलांच्या मारहाणीत अंत झाला. तिच्या घरावर समाजसेवा विभागाची देखरेख होती. शेजाऱ्यांनी आणि शिक्षकांनी वेळोवेळी चिंता कळविली होती. १९७४ च्या चौकशी अहवालाने विविध खात्यांमधील समन्वयाचा अभाव उघड केला. अशा चौकशांनी कायदे बदलले हे खरे. तथापि ज्या मुलासाठी चौकशी झाली त्याला तिचा उपयोग नव्हता. जिवंत मुलाच्या बाबतीत दाद मागण्याचा मार्ग वेगळाच असणे आवश्यक होते.

लोकपाल आणि त्याचे कुंपण

असा मार्ग १९७४ च्याच स्थानिक शासन अधिनियमाने काही अंशी उपलब्ध करून दिला. महाराष्ट्रात १९७१ च्या अधिनियमाने आलेल्या लोकायुक्त संस्थेमागे जी कल्पना होती, तीच इंग्लंडमध्ये स्थानिक शासनासाठी नेमलेल्या आयुक्तांच्या, म्हणजेच लोकपालांच्या रूपाने आली. मात्र तिच्याभोवती आरंभापासून कुंपण होते. १९८८ पर्यंत तक्रार सामान्यतः नगरसेवकामार्फतच करावी लागे. म्हणजे ज्या कौन्सिलविरुद्ध गाऱ्हाणे, तिच्याच सदस्याकडे प्रथम जावे लागे. लोकपालाने तपासायचा तो गैरकारभार. गैरकारभाराविना घेतलेल्या निर्णयाच्या गुणावगुणांत त्याने शिरायचे नव्हते. न्यायालयीन कार्यवाही त्याच्या कक्षेबाहेर होती आणि त्याच्या शिफारशी कौन्सिलवर बंधनकारक नव्हत्या. बालसंरक्षणातील गंभीर प्रकरणे बहुधा न्यायालयात पोहोचत असल्याने, जेथे हानी सर्वाधिक तेथेच लोकपालाचा हात आखडता राहिला.

१९८९ चा अधिनियम

क्लीव्हलँड परगण्यात १९८७ मध्ये अवघ्या काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे वैद्यकीय निदान करण्यात आले व अनेकांना घरापासून दूर ठेवण्यात आले. पुढे त्यांपैकी बहुसंख्य मुले घरी परतली. बटलर-स्लॉस यांच्या १९८८ च्या अहवालाने दुसऱ्या दिशेच्या चुकीकडे देशाचे लक्ष वेधले. १९८७ मध्येच युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने, पालकांना निर्णयप्रक्रियेत पुरेसे सामावून न घेतल्याबद्दल ब्रिटनला दोषी ठरविले होते. या पार्श्वभूमीवर आलेल्या १९८९ च्या बालक अधिनियमाच्या कलम २६ ने प्रत्येक प्राधिकरणाला तक्रार पद्धती ठेवणे व तीत किमान एका स्वतंत्र व्यक्तीचा सहभाग घेणे अनिवार्य केले. तथापि ही पद्धती चालविणारे आणि तिच्या निष्कर्षावर अंतिम निर्णय घेणारे प्राधिकरण तेच राहिले.

न्यायालयाची दारे

१९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दोन्ही प्रकारच्या चुकांचे दावे एकाच निकालात फेटाळले. एका प्रकरणात मुलांच्या हेळसांडीची माहिती १९८७ पासून असूनही त्यांना १९९२ पर्यंत संरक्षण मिळाले नव्हते. दुसऱ्यात संशयिताची ओळख चुकल्यामुळे एक मुलगी सुमारे वर्षभर आईपासून दूर राहिली होती. नुकसानभरपाईच्या भीतीने अधिकारी बचावात्मक वागतील आणि तक्रारींसाठी अन्य मार्ग उपलब्ध आहेत, ही या निकालामागील कारणांपैकी दोन होती. परंतु १० मे २००१ रोजी युरोपीय न्यायालयाने दोन्ही प्रकरणांत ब्रिटनविरुद्ध निर्णय दिला. पहिल्या प्रकरणात तर उपलब्ध उपाय एकत्रितपणेही अपुरे होते, हे खुद्द सरकारने मान्य केले. ज्या मार्गांचा आधार घेऊन दावे नाकारले गेले, ते मार्गच तोकडे ठरले.

मुलाचा आवाज

फेब्रुवारी २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबी ही आठ वर्षांची मुलगी लंडनमध्ये मरण पावली. लॉर्ड लेमिंग यांच्या २००३ च्या अहवालाने १०८ शिफारशी केल्या आणि तिला वाचविण्याच्या किमान १२ संधी हुकल्याचे दाखविले. या प्रकरणातून एक मूलभूत उणीव स्पष्ट होते. तक्रार पद्धती तक्रारदार गृहीत धरते. पण अत्यंत पीडित मूल तक्रार करीत नाही आणि त्याच्या वतीने बोलू शकणारा पालकच कित्येकदा छळ करणारा असतो. २००४ पासून तक्रार करणाऱ्या मुलास साहाय्यकाची तरतूद झाली व २००६ च्या नियमांनी त्रिस्तरीय पद्धती घालून दिली. याउलट, २००४ च्या अधिनियमाने निर्माण केलेल्या बालक आयुक्तास एखाद्या विशिष्ट मुलाच्या प्रकरणाची चौकशी करण्यास मात्र मनाई करण्यात आली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, सहा दशकांत देखरेखीच्या यंत्रणांची संख्या वाढत गेली. परंतु प्रत्येकीने कठीण प्रश्न दुसरीकडे सोपविला. लोकपालाने न्यायालयाकडे, न्यायालयाने तक्रार पद्धतीकडे आणि तक्रार पद्धतीने पुन्हा प्राधिकरणाकडे बोट दाखविले. कार्यपद्धती पाळली गेली की नाही हे कागदपत्रांवरून तपासता येते. मूल सुरक्षित आहे की नाही हा निर्णय मात्र दारात उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या विवेकावर अवलंबून राहतो. देखरेख त्या विवेकाची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच बालसंरक्षण यंत्रणेचे मूल्यमापन करताना निकाली काढलेल्या तक्रारींची संख्या हा निकष पुरेसा नाही. जी तक्रार कधी नोंदलीच गेली नाही, तिचा शोध कोण घेते हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.