दहा डावांचे शून्य

बेसबॉल हा आपल्याकडे रुजलेला खेळ नव्हे. तरीही क्रिकेटच्या संगतीत वाढलेल्या आमच्या वाचकांस त्यातील एका सामन्याची हकीकत रुचावी. २७ ऑक्टोबर १९९१ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस येथे ‘वर्ल्ड सिरीज’चा सातवा व निर्णायक सामना झाला. मिनेसोटा ट्विन्स आणि अटलांटा ब्रेव्हज हे दोन्ही संघ १९९० साली आपापल्या गटात तळाशी होते. या खेळात प्रत्येक संघास नऊ डाव मिळतात, तीन गडी बाद झाले की एक डाव संपतो. आणि प्रतिपक्षास अखेरपर्यंत एकही धाव न देणे यास ‘शटआउट’ म्हणतात.

ट्विन्सचा पिचर जॅक मॉरिस छत्तीस वर्षांचा, शेजारच्याच सेंट पॉल नगरात जन्मलेला. मालिकेतील हा त्याचा तिसरा सामना, आणि आधीच्या सामन्यानंतर त्यास विश्रांती मिळाली ती अवघी तीन दिवसांची. समोर ब्रेव्हजचा चोवीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ उभा होता. मिशिगनमध्ये वाढलेल्या स्मोल्ट्झने बालपणी डेट्रॉइटच्या याच मॉरिसला आदर्श मानले होते.

सात डाव दोन्ही पाट्या कोऱ्या राहिल्या. आठव्यात ब्रेव्हजचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर असता पेंडल्टनने चेंडू दूरवर टोलविला. स्मिथ सहज घरी पोहोचावयाचा. पण ट्विन्सच्या नॉब्लॉकने हाती चेंडू नसताना तो फेकल्याचा आव आणला, स्मिथ दुसऱ्या बेसपाशी थबकला आणि तिसऱ्यावरच थांबला. त्या थबकण्यावर पराभवाचे सारे खापर फोडले गेले. आपण फसलो नाही, चेंडू नजरेआड झाला होता, असे स्मिथने पुढे सांगितले. आम्हांस तर मूळ आरोपच लंगडा वाटतो. दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर धावक होते, आणि बाद एकही नव्हता! गँटचा टोला वाया गेला. जस्टिसला मुद्दाम मोफत पहिला बेस देण्यात आला. मग ब्रीमचा सरपटी चेंडू पहिल्या बेसवरील हर्बेकने उचलून घरी कॅचर हार्परकडे फेकला, हार्परने तो पुन्हा हर्बेककडे फेकला, आणि दोन गडी एकदम गेले. मॉरिसच्या शून्यात या दोघांचा वाटा आहे, तो कोणी सांगत नाही. त्याच डावात ट्विन्सनीही तिन्ही बेस भरलेले असताना संधी दवडली. जिंकणाऱ्यांचे दोष लोक विसरतात.

नवव्या डावानंतर व्यवस्थापक टॉम केली मॉरिसला विश्रांती देण्याच्या विचारात होता. मॉरिस मानेना, केलीने हट्ट सोडला. दहावा डावही त्याने निर्धाव टाकला. त्याचे एकूण चेंडू झाले १२६. मग ग्लॅडनच्या तुटक्या बॅटवरून उडालेला चेंडू मोकळ्या जागी पडला व तो थेट दुसऱ्या बेसवर गेला. नॉब्लॉकच्या हलक्या टोल्यावर तो तिसऱ्यास पोहोचला. ब्रेव्हजनी पुढील दोघांस मुद्दाम मोफत बेस दिले. तेव्हा गुडघ्याच्या दुखापतीने त्रस्त असलेला जीन लार्किन बदली फलंदाज म्हणून आला, आणि जवळ ओढून घेतलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून त्याने चेंडू धाडला. १–०.

मॉरिस ट्विन्सकडून खेळला तो एवढा एकच हंगाम. १९९२ साली तो टोरांटोकडे होता. बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी पत्रकारांच्या पंधरा मतदानांत त्यास पुरेशी मते मिळाली नाहीत. एका रात्रीचे मोल कारकिर्दीस किती लावावे, हाच वाद. अखेर २०१८ साली एका समितीच्या निवडीने तो आत गेला. स्मोल्ट्झ तेथे तीन वर्षे आधीच, २०१५ साली, पहिल्याच मतदानात पोहोचला होता.