साठवण स्वस्त झाली, पण टिकाऊ झाली का?

परतवाड्यात जुना, मंदावलेला लॅपटॉप दुरुस्तीला नेला, की आज बहुधा एकच सल्ला मिळतो: हार्ड डिस्क काढा, एसएसडी टाका. सल्ला चांगलाच आहे. एसएसडीत फिरणारा भाग नसतो, त्यामुळे मशीन पटकन सुरू होतं आणि धक्क्यांचीही फारशी भीती नसते. मग हेच आपण वीस वर्षांपूर्वी का केलं नाही? कारण परवडत नव्हतं.

थोडं मागं जाऊ. १९५६ मध्ये आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होती फक्त ५० लाख अक्षरं. पुढं तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात फ्लॅश मेमरी शोधली. सूक्ष्म कप्प्यात विद्युतभार कोंडायचा आणि वीज गेली तरी तो तिथंच राहू द्यायचा, ही तिची युक्ती. १९९१ मध्ये सनडिस्कनं, म्हणजे नंतरच्या सॅनडिस्कनं, २० एमबीची एसएसडी आणली. किंमत सुमारे १००० डॉलर! आज मोबाइलचे चार-पाच फोटो काढले की तेवढी जागा भरते.

ती स्वस्त झाली कशी? मुख्यतः दोन वाटांनी. आधी एका कप्प्यात एकच बिट मावत असे. मग दोन, तीन, चार बसवले. दुसरी वाट आपल्याला ओळखीची आहे. जागा संपली की आपण मजले चढवतो. २०१३ मध्ये सॅमसंगनं कप्प्यांचे २४ थर एकावर एक रचले; आज ते २०० च्या पुढं गेलेत.

पण एका कप्प्यात चार बिट ठेवायचे, तर विद्युतभाराच्या १६ पातळ्या ओळखाव्या लागतात. थोडा भार गळला तरी घोटाळा होतो. लिहून लिहून झिजलेला कप्पा लवकर गळतो, आणि उष्णतेत आणखी लवकर. घरगुती एसएसडीचं मानक सांगतं, की लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यावरही तिनं विजेविना, ३० अंशांवर, एक वर्ष माहिती जपावी. आणि आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो!

आता इथल्याच एका साठवणीकडं पाहू. अचलपूरजवळच्या चमक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पाचव्या शतकातला, हजार ब्राह्मणांना गाव दान दिल्याचा. दीड हजार वर्षं तो विजेविना टिकला. मात्र तांब्यावर लिहवून घेणं राजालाच परवडत होतं. आज शेतकऱ्याचा सातबारा, लेकीच्या लग्नाचं चित्रीकरण, आजीचा आवाज, सगळं जपता येतं. स्वस्ताईनं दिलेली खरी देणगी ही आहे. पण जपण्याचं काम तिनं आपल्यावर टाकलंय.

म्हणून रोजच्या कामाला एसएसडी जरूर घ्या. महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवा. कपाटातली एसएसडी वर्षातून दोनदा तरी जोडून, फायली उघडून पाहा. ताम्रपट मातीत पुरला तरी टिकला. एसएसडीला विसरून चालत नाही.