बोटीवरील तारांचे रंग



समुद्रावरील रंगांची भाषा विजेच्या दिव्याहून जुनी आहे. १८४८ सालीं ब्रिटिश आरमारखात्यानें आगबोटींच्या डाव्या अंगास तांबडा व उजव्या अंगास हिरवा दिवा लावण्याचा दंडक घातला. तेव्हांपासून अंधारांत समोरच्या बोटीचें तोंड कोणीकडे आहे, हें खलाशास त्या दोन ठिपक्यांवरून कळूं लागलें.

पुढें बोटीवर वीज आली. एडिसनचे दिवे त्याच्या प्रयोगशाळेबाहेर व्यापारी कामासाठीं प्रथम लागले ते १८८० सालीं, 'कोलंबिया' नांवाच्या अमेरिकन आगबोटीवर. दिव्यांबरोबर तारा आल्या. परंतु तारांच्या रंगांना अशी एक भाषा लाभली नाहीं. प्रत्येक देशानें आपापला संकेत ठरविला. इंग्लंडांत वीज आणणारी तार तांबडी, परतीची काळी व जमिनीस जोडलेली हिरवी. अमेरिकेंत वीज आणणारी तार काळी व परतीची पांढरी. जर्मनींत तर १९६५ च्या सुमारापर्यंत तांबडी तार जमिनीस जोडण्याची, म्हणजे संरक्षणाची! जर्मन यंत्राची ही तार एखाद्या इंग्रजानें आपल्या रिवाजानें जोडली, तर यंत्राचें धातूचें कवचच विजेनें भारलें जाई. यावर तोड म्हणून जमिनीच्या तारेस हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा संकेत आला. तांबड्या-हिरव्यांतील भेद ज्यांच्या डोळ्यांना कळत नाहीं, त्यांनाही पट्टे ओळखतां येतात. तथापि ब्रिटनमध्यें घराच्या भिंतींतील तांबड्या-काळ्या तारांच्या जागीं तपकिरी-निळ्या तारा येण्यास २००४ साल उजाडलें.

घरांत बहुधा एकच प्रवाह असतो. लहान बोटीवर दोन नांदतात. एक बॅटरीचा, बहुधा १२ व्होल्टचा, एकाच दिशेनें वाहणारा. दुसरा किनाऱ्यावरून घेतलेला, दिशा क्षणोक्षणीं पालटणारा. अमेरिकन बोटीवर हा दुसरा प्रवाह १२० व्होल्टचा. आतां पाहा: बॅटरीच्या तारांत काळी तार परतीची, हात लागला तरी अपाय न करणारी, शेजारच्या जुडग्यांत तीच काळी तार प्राणघातक. बोटीच्या तळाशीं ओणवा झालेला, खाऱ्या पाण्यानें भिजलेला मनुष्य कोणत्या काळ्या तारेस हात घालीत आहे, हें रंग सांगूं शकत नाहीं. म्हणून १९५४ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या नियमांत बॅटरीच्या परतीच्या तारेस काळ्याऐवजीं पिवळा रंग देण्याची सोय झाली. तांबडी तार बॅटरीच्या धन टोंकाची राहिली.

आपल्याकडे घरांतून काळी तार परतीचीच मानतात. मुंबईचा कुशल तारतंत्रीही हा विश्वास घेऊन अमेरिकन बोटीवर गेला, तर तेथें तो विश्वासच त्याचा घात करील.

रंग हा तारेचा गुणधर्म नव्हे. तो माणसांमाणसांतील करार आहे. करार करणारे बदलले कीं अर्थ बदलतो, आणि आधींच्या मालकानें कोणता करार पाळला होता, हें तार सांगत नाहीं. म्हणून बोटीवर शहाणा मनुष्य प्रथम किनाऱ्याची वीज तोडतो, बॅटरी सोडवितो, मापक लावून खात्री करून घेतो, आणि मगच तारेस हात लावतो.